शीआनमधल्या पायी खाद्यसहलीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जाहिरातीप्रमाणे सेवा न मिळाल्याबद्दल परतावा मिळणेबाबत

महोदय,

आपल्या चीन सहलीत शीआनला एका संध्याकाळची पायी खाद्यसहल ऐच्छिक होती. माणशी ४,८०० रुपये जादा भरून आम्ही तिघांनी ती घेतली, कारण माहितीपत्रकात स्पष्ट छापलं होतं : ‘गर्दीचा रस्ता टाळून साजिनच्याओ आणि दापीयुआन भागातली स्थानिकांची दुकानं, जास्तीत जास्त आठ जण.’

प्रत्यक्षात आम्ही १९ जण होतो आणि सगळा वेळ बेइयुआनमेनच्या मुख्य रस्त्यावरच काढला. तिथे जायला वाटाड्या लागतच नाही. १३८० साली बांधलेला ड्रम टॉवर ओलांडला की गर्दीच तुम्हाला आत ढकलते. पहिला थांबा काडीला लावलेल्या स्क्विडचा! समुद्र शीआनपासून शेकडो किलोमीटर लांब. असला स्क्विड चीनमधल्या कुठल्याही पर्यटन-बाजारात मिळतो. साजिनच्याओ तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, तरी ‘आज वेळ नाही’ असं उत्तर मिळालं. सुकामेवा आणि लाल बोरांच्या दुकानात मात्र ३५ मिनिटं थांबायला वेळ होता. ते दुकान कार्यक्रमात कुठेही छापलेलं नव्हतं.

सगळ्यात जास्त राग आला तो पाओमोचा. या पदार्थात गंमत असते ती जेवणाऱ्याच्या हातात. जाड, घट्ट रोटी समोर ठेवतात, ती आपण बसून डाळीच्या दाण्याएवढी बारीक कुस्करायची, गप्पा मारत. मग वाडगं आत जातं, मटणाच्या रश्श्यात शिजतं आणि परत आपल्यापुढे येतं. सोबत गोड मुरवलेला लसूण आणि मिरचीची चटणी. आपल्या पत्रकात ‘स्वतः रोटी कुस्करण्याचा अनुभव’ ठळक अक्षरात आहे. आम्हाला मिळाले यंत्रावर कापलेले एकसारखे चौकोनी तुकडे, आधीच शिजवून फुगलेले. लसूण मागितला, तर तो ‘पॅकेजमध्ये नाही’!

त्याच पत्रकात ‘डुकराच्या मांसाचं रोउज्यामो आणि थंड बिअर’ असंही आहे. रोउज्यामो म्हणजे मांस भरलेली रोटी. ही वस्ती ह्वे मुसलमानांची. तिथे रोउज्यामोत बीफ असतं, डुकराचं मांस नव्हे, आणि बऱ्याच दुकानांत दारू चालत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने त्या गल्लीत पाऊल तरी टाकलं आहे का, असा प्रश्न पडतो. वाटाड्या मुलगा बिचारा हे वाचून आमच्याइतकाच चक्रावला. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. कुठे न्यायचं हे त्याला वरून सांगितलेलं होतं.

माझ्या मावशी शाकाहारी आहेत. बुकिंगच्या वेळी तसं लेखी कळवलं होतं आणि ‘व्यवस्था होईल’ असं आपल्या कार्यालयाचं उत्तरही आहे. व्यवस्था म्हणजे पाओमोतले मटणाचे तुकडे चमच्याने बाजूला काढून तेच वाडगं पुढे केलं. पुढचे दोन तास त्यांनी डाळिंबाच्या रसावर काढले. खरं तर शाकाहारी माणसाने शीआनमध्ये उपाशी राहायचं कारणच नाही. तिळाच्या चटणीत कालवलेली ल्यांगपी, म्हणजे गार शेवया, किंवा चिकट तांदूळ आणि लाल बोरांचे थर लावून वाफवलेला जिंगगाओ. शेवटी ल्यांगपी आम्हीच पदरचे पैसे देऊन घेतली. ल्यांगपीची हातगाडी आमच्या थांब्यापासून दहा पावलांवर होती.

माझ्या मागण्या अशा : मावशींचे ४,८०० रुपये पूर्ण आणि उरलेल्या दोघांचे निम्मे, म्हणजे एकूण ९,६०० रुपये परत मिळावेत. वाटेत दुकानात थांबणार असाल तर ते बुकिंगआधी सांगावं. आणि ते पत्रक शीआन माहीत असलेल्या माणसाकडून पुन्हा लिहून घ्यावं.

पावती, पत्रकाची प्रत, कार्यालयाचा ईमेल आणि त्या संध्याकाळचे फोटो सोबत जोडले आहेत. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ‘पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन’ हे उत्तर धरलं जाणार नाही.

कळावे,
आपली ग्राहक
(नाव व बुकिंग क्रमांक पावतीवर आहे)