माथेरान: वाद पेव्हरचा, दुखणे गटाराचे

मा. संपादक,

माथेरानच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक हवेत की नकोत, यावर गावात दोन तट आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दस्तुरी नाका ते शिवाजी महाराज पुतळा एवढ्याच मार्गावर पेव्हरला मुभा दिली, ते योग्यच. पण ब्लॉकखाली वाळूचा थर जेमतेम तीन-चार सेंटीमीटरचा. कडेचे गटार पालापाचोळ्याने तुंबले की पाणी सांध्यांतून शिरते, उतारावर वाळू वाहते, ब्लॉक डुगडुगतात आणि घोड्याचा नाल घसरतो. गटारे मेअखेर उपसा, कडेचे दगड पक्के बसवा. मातीच्या वाटांवर तिरके दगडी बांध घाला. पाणी झाडीत वळते, लाल माती जागीच राहते. काम स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा कुणाला सुचत नाही!

– एक रहिवासी, माथेरान