मांजराच्या पंजाला डेटॉल नको

महोदय,

पाऊस सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांत जिन्यांवर, पार्किंगमध्ये फिनाईलचा मारा वाढतो. ओल्या लादीवरून मांजर चालते, मग पंजे चाटते आणि फिनाईल थेट पोटात जाते. त्यातच पंजाला जखम असली, तर घरची माणसे मायेपोटी डेटॉल लावतात, क्रोसिनचा तुकडा भरवतात. हे दोन्ही उपाय जीवघेणे आहेत. फिनॉलच्या जातीची द्रव्ये (फिनाईल, डेटॉल) आणि पॅरासिटामॉल (क्रोसिन) पचवून बाहेर टाकणे मांजराच्या यकृताला नीट जमत नाही. 500 मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेऊ शकते.

मांजर दुखणे लपवते. लंगडण्याआधी ते एकच पंजा सारखा चाटते, उडी टाळते. दोन्ही पुढचे पंजे शेजारी धरून बघा. एक गरम, सुजलेला, बोटांमध्ये लाल किंवा वास येणारा वाटला, तर संसर्ग धरून चाला. चारही पंजांच्या नखांशी खपल्या असतील किंवा पंजाखालची मऊ गादी पिलपिलीत, जांभळट झाली असेल, तर दुखणे बहुधा वेगळे असते. तिथे घरचे उपाय नकोत.

साध्या खरचटण्याला एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात 9 ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दीड चमचे मीठ घाला. पंजा पाच मिनिटे बुडवा, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा पुसा. दिवसातून दोनदा पुरे. बिटाडिन वापरायचेच तर 10 टक्क्यांचे द्रावण अर्धा लिटर पाण्यात 5 मिली, फिक्या चहाच्या रंगाचे. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर, म्हणजे कोन, हवाच. तो दया येऊन काढला की जखम पुन्हा उघडते. बरे होईपर्यंत शौचाच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी कागदाचे तुकडे ठेवा, वाळूचे कण जखमेत जातात.

बोक्यांच्या मारामारीतली जखम मात्र फसवी. दाताचे छिद्र वरून लगेच बुजते, जंतू आत राहतात आणि दोन-चार दिवसांत गळू होते. ते पिळू नका, पू आत पसरतो. पशुवैद्य ते उघडून धुतात आणि वजनानुसार अँटिबायोटिक देतात. सूज उतरली म्हणून ते मध्येच थांबवू नका. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दिल्यावर 5 मिली पाणी सिरिंजने हळूहळू पाजा. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण होतो. ताप, पू, जेवण बंद किंवा 24 तासांत उतार नाही, यातले काहीही असेल तर वाट बघू नका, पशुवैद्याकडे न्या.

म्हाताऱ्या मांजराची नखे दर दोन-तीन आठवड्यांनी बघा. अंगठ्याचे नख जमिनीला घासत नाही. ते वळून गादीत घुसते. कापताना नखाच्या आतल्या गुलाबी भागापासून दोन मिलिमीटर दूर राहा. पंजावरचे केस गोल चकतीसारखे गळाले असतील तर तो नायटा असू शकतो, आणि तो मुलांनाही होतो.

सोसायट्यांच्या समित्यांना विनंती आहे: काळे फिनाईल वापरूच नका. दुसरे जे वापराल त्यानंतर लादी साध्या पाण्याने धुऊन घ्या आणि सुकेपर्यंत जिन्याच्या तोंडाशी एखादी फळी आडवी लावा.

— एक पशुवैद्यक, कोपरखैरणे, नवी मुंबई