गुण कमी म्हणून खेळाडू वगळू नका

महोदय,

फुटबॉल, हॉकी, रग्बीच्या संघांत हंगामाआधी खेळाडूंची ‘मूव्हमेंट स्क्रीनिंग’, म्हणजे हालचालींवरून दुखापतीचा धोका जोखणारी, चाचणी घेण्याची पद्धत रुळली आहे. चाचणीला माझा विरोध नाही. तिच्या गुणांवर संघात कोण राहणार हे ठरू लागले, तर तो खेळाडूंवर अन्याय आहे.

यातली ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’ सर्वांत परिचित. खोल बैठक, अडथळ्यावरून पाऊल टाकणे, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकणे), उताणे झोपून सरळ पाय उचलणे, पुश-अप अशा 7 हालचाली, प्रत्येकी 0 ते 3 गुण, एकूण 21. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंवरील 2007च्या एका छोट्या अभ्यासात 14 किंवा त्याहून कमी गुणांच्या खेळाडूंना गंभीर दुखापती जास्त झाल्याचे आढळले आणि 14 ही लक्ष्मणरेषाच होऊन बसली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही. दुखापत झालेल्यांचे आणि न झालेल्यांचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात की रेषा कुठेही ओढली तरी धडधाकट खेळाडू तिच्याखाली सापडतात आणि जायबंदी होणारे वर सुटतात. नॉर्वेचे क्रीडावैद्यकतज्ज्ञ रोआल्ड बार यांनी 2016मध्ये हेच सविस्तर मांडले.

मुळात चाचणी होते ती संथपणे, ताज्या पायांनी, अंगावर कोणी धावून येत नसताना. गुडघा दगा देतो तो वेगात दिशा बदलताना किंवा उडीवरून खाली येताना. शिवाय बेरजेत नेमके महत्त्वाचे तेच हरवते. हालचाल करताना दुखले तर त्या हालचालीला 0 मिळतो. पण बाकीचे गुण चांगले असले की एकूण आकडा 14च्या वर राहतो आणि दुखणे तसेच मैदानात उतरते! हा 0 दिसला की बेरीज बाजूला ठेवून खेळाडूला फिजिओथेरपिस्टकडे पाठवले पाहिजे. आणि पूर्वी कुठे दुखापत झाली होती का, हे आधी विचारावे. पुढच्या दुखापतीची शक्यता त्यातून अधिक कळते.

प्रतिबंधासाठी कुणाला गुण द्यावेच लागत नाहीत. फिफाचा ‘11+’ हा सुमारे 20 मिनिटांचा वॉर्म-अप सगळ्यांनीच करायचा असतो. नॉर्वेतील 13 ते 17 वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींवरील 2008च्या अभ्यासात त्याने एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी झाल्या. तो वर्षभर, नेमाने करून घेणे कष्टाचे आहे, हे मान्य.

क्रीडा संघटनांनी निवडीच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: स्क्रीनिंगच्या गुणांवरून कोणालाही वगळता येणार नाही, आणि चाचणीचा पूर्ण तक्ता खेळाडूच्या हाती दिला जाईल.

– एक क्रीडा प्रशिक्षक