ग्वादालूपच्या काठी तंबू ठोकण्यापूर्वी

सॅन अँटोनिओ
सप्टेंबरअखेर

प्रिय मंदार,

काका-काकू आणि आर्याला घेऊन ऑक्टोबरच्या शेवटी टेक्ससमधल्या ग्वादालूप रिव्हर स्टेट पार्कमध्ये दोन रात्री राहायचं ठरवलंस, हे फार चांगलं केलंस. तेव्हा उन्हाळ्याची भाजणी संपलेली असते आणि काठावरचे बाल्ड सायप्रस वृक्ष तांबूस व्हायला लागतात. तू सामानाची यादी मागितली आहेस. ती देतोच, पण आधी तिथली जमीन समजून घे. मग कुठली वस्तू कशासाठी, ते वेगळं सांगावं लागणार नाही.

त्या सगळ्या हिल कंट्रीत, म्हणजे टेक्ससच्या मध्यातल्या डोंगराळ भागात, वर मातीचा पातळ थर आणि खाली चुनखडक. नदीचं पाणी हिरवट, नितळ दिसतं ते या खडकामुळे. तंबूच्या खुंट्या वाकतात, पाण्यातल्या फरश्यांवरून पाय सटकतो आणि थोड्या पावसात नदी फुगते, तेही त्याच्यामुळेच. आपल्या मावळात पहिल्या जोरदार सरींनंतर कातळावरून ओढे कसे सुटतात ते तू पाहिलं आहेस. इथेही पाणी जिरायला जागा नाही.

म्हणून पहिला विषय नदीचा. गेल्या वर्षी-दोन वर्षांतल्या बातम्यांमुळे काकू धास्तावल्या असतील, तर त्यांची भीती खोटी ठरवू नकोस. २०२५ च्या ४ जुलैला पहाटे हंट आणि कर्व्हिलच्या बाजूला ही नदी पाऊण तासात सुमारे २६ फूट चढली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. १९८७ च्या जुलैमध्ये कम्फर्टजवळ शिबिरातून परतणारी दहा मुलं याच नदीत वाहून गेली होती. ऑक्टोबरही निर्धोक नाही. १९९८ चा मोठा पूर १७-१८ ऑक्टोबरचा. पार्क या तिन्ही गावांच्या बरंच खाली आहे, त्यामुळे तिकडे पडलेल्या पावसाचं पाणी पोचायला कित्येक तास लागतात आणि सावध व्हायला वेळ मिळतो. खरा धोका पार्कच्या आसपासच रात्री कोसळणाऱ्या पावसाचा, कारण त्यात तो वेळ मिळत नाही.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची (यूएसजीएस) मापनकेंद्रं नदीवर जागोजाग आहेत. निघायच्या आदल्या रात्री आणि तिथे रोज सकाळी हंट, कर्व्हिल, कम्फर्ट आणि स्प्रिंग ब्रांच असे चार आकडे वरून खाली या क्रमाने बघ. स्प्रिंग ब्रांचचं केंद्र पार्कच्या खालच्या अंगाला आहे, म्हणून तो आकडा आत्ताची स्थिती सांगतो आणि वरचे तीन पुढे काय येणार ते. आकडे क्युसेकमध्ये असतात, खडकवासल्याच्या विसर्गाच्या बातमीत असतात तसे. माझा हिशेब असा: १०० च्या खाली पाणी फक्त पाय बुडवायला आणि गोटे वेचायला, बसून तरंगायची ट्यूब तळाला घासते. १०० ते २५० आर्यासाठी उत्तम. ३०० च्या वर तिला काठावरच ठेव. आणि आकडा काहीही असो, पाणी गढूळ झालं किंवा काड्या-पानं वाहून यायला लागली की सगळ्यांनी बाहेर.

दरीत मोबाइलची रेंज भरवशाची नाही. त्यामुळे सेलवर चालणारा हवामान रेडिओ हवाच. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झमधल्या सात वाहिन्यांपैकी जी स्पष्ट लागते ती दुपारीच शोधून ठेव आणि इशाऱ्याचा भोंगा चालू ठेवून झोप. पुराचा इशारा आला तर तंबू, कूलर, काहीही आवरत बसायचं नाही. माणसं घेऊन वरच्या बाजूला चालत सुटायचं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी त्यात घालायची नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवतं आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. काकांच्या गोळ्या, चष्मे, किल्ल्या आणि एक बॅटरी अशी छोटी पिशवी रात्री दाराशीच असू दे.

आता जागा. रात्रीच्या मुक्कामाचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं आणि शनिवार-रविवार भराभर संपतात, तेव्हा हे आजच कर. पार्कमधल्या वॅगन फोर्ड भागातल्या तंबूच्या जागा सुंदर आहेत, पण सामान गाडीपासून चालत न्यावं लागतं. काकांचे गुडघे आणि त्यांचं सीपॅप मशीन (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं) लक्षात घेता वीज-पाण्याची जागा घे, जिथे गाडी अगदी टेबलापर्यंत येते. बाहेर वापरायची जाड वायर, किमान ५० फूट, बरोबर असू दे; जोड जमिनीवर न ठेवता टेबलाच्या पायाला बांध. एका जागेवर आठ माणसांची मर्यादा आहे, तुम्ही पाचच आहात.

तंबू ‘सहा जणांचा’ लिहिलेला असला तरी त्यात सामानासकट चार जण झोपतात. तुम्हाला दोन तंबू लागतील. काका-काकूंसाठी आत उभं राहता येईल असा, म्हणजे मधोमध किमान सहा फूट उंचीचा घे. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या बारीक खुंट्या घरीच ठेव. दहा इंची पोलादी खिळ्यासारख्या खुंट्या आणि दोन पौंडी हातोडी आण. खुंटी तिरपी ठोकायची, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं. दोन-तीन घावांत आत गेली नाही तर खाली खडक आहे. जोर न लावता चार बोटं बाजूला सरकव. तरीही जमलं नाही तर तणाव्याचा, म्हणजे तंबू ताणणाऱ्या दोरीचा, फास एका मुठीएवढ्या दगडाला घाल, तो जमिनीवर ठेव आणि त्याच्यापुढे, तंबूच्या बाजूला, मोठा दगड टेकव. ओढ बसली की लहान दगड मोठ्याला अडतो. मोठ्या दगडाला नुसती दोरी गुंडाळली तर ती कडांवर घासून तुटते. परत येताना दगड होते तिथे ठेव.

हे तणावे वगळायचा मोह होतो, कारण दुपारी वारा नसतो. पण ऑक्टोबरअखेरीस ‘नॉर्दर’ येतो. उत्तरेचा थंड वारा तासाभरात दहाएक अंश सेल्सिअसने पारा उतरवतो आणि आधी जोराचे झोत देतो. म्हणून दार दक्षिणेकडे किंवा आग्नेयेला, आणि उत्तरेचे तणावे सर्वांत पक्के.

खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन इंच लहान हवी. बाहेर डोकावली की छतावरून ओघळलेलं पाणी ती झेलते आणि सरळ तुमच्या अंथरुणाखाली नेते. ‘तंबू गळतो’ या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथे असतं. दुसरं मूळ म्हणजे श्वासाची वाफ. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या की पहाटे वरून थेंब पडतात. झडपा उघड्याच ठेवायच्या, पांघरूण वाढवायचं.

थंडी वरून कमी आणि खालून जास्त लागते. हवेच्या गादीतली हवा खेळती राहते आणि पाठ गार पडते. गादीवर, म्हणजे अंगाच्या बाजूला, फोमची चटई किंवा जाड गोधडी घाल. काका-काकूंना कॉटच बरी, उठा-बसायला सोपी. पण तिच्या खालूनही हवा वाहते, तेव्हा गोधडी तिथेही हवी. तंबूत शेगडी किंवा गॅसचा हीटर कधीही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्वयंपाकाला दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी आणि एक पौंडाची हिरवी सिलिंडरं. एक बर्नर पूर्ण आचेवर ठेवला तर एक सिलिंडर साधारण दोन तास जातं. पाच माणसांच्या दोन दिवसांच्या चहा-पोहे-खिचडीला तीन पुरतात, चौथं हाताशी ठेव. वारा असला की कुकरची शिट्टीच होत नाही, म्हणून शेगडीच्या तिन्ही बाजूंचे पत्रे उघडून ती वाऱ्याकडे पाठ करून ठेव. पोळ्या घरून कर. कूलर दोन घे, एक पेयांचा आणि एक जेवणाचा, कारण आर्या ज्यूससाठी दर दहा मिनिटांनी झाकण उघडणार. दोन लिटरच्या चार बाटल्या गोठवून जेवणाच्या कूलरमध्ये ठेव. सुट्या बर्फापेक्षा जास्त टिकतात आणि वितळल्यावर पिता येतात.

रात्री खाण्याचं सगळं गाडीत, अगदी टूथपेस्टसुद्धा. तिथले रॅकून नावाचे प्राणी कूलरची कडी सहज उघडतात. भांडी नळाखाली किंवा नदीत घासायची नाहीत, साबण ‘बायोडिग्रेडेबल’ असला तरी. टबात घासायची, पाणी गाळून खरकटं कचऱ्यात, आणि पाणी कुठे ओतायचं ते कार्यालयात विचार.

शेकोटीसाठी पार्कमध्ये काटक्या गोळा करायला मनाई आहे, लाकूड विकत घ्यावं लागतं. काऊंटीने, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाने, आगबंदी लावली आहे का, ते पोचल्यावर विचार. तिथल्या जुनिपरच्या झाडांची सुकी पानं रॉकेल टाकल्यासारखी पेटतात. विझवताना पाणी ओत, ढवळ, परत ओत, आणि हाताच्या मागच्या बाजूने ऊब जाणवत नाही तोवर उठू नकोस.

पाण्यात चप्पल नको. मागून पट्टा असलेले, बंद बोटांचे बूट सगळ्यांना, काकांनाही. शेवाळ काठाजवळ सर्वांत जास्त असतं, म्हणून पडायला होतं ते उतरतानाच. त्यांच्या हातात काठी दे. सायप्रसच्या मुळांखाली पाण्याने खोबणी केलेल्या असतात आणि तिथे तळ एकदम खोल जातो, तिथून आर्याला लांब ठेव. जीवरक्षक तिथे नसतात. तिचं लाइफ जॅकेट घरीच तपास: पट्टे आवळून खांद्यांना धरून वर उचल, जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. कायाकमध्ये तर तेरा वर्षांखालच्या मुलांना ते घालणं टेक्ससमध्ये कायद्यानेच बंधनकारक आहे. काठावर बसून गळ टाकायचा असेल तर स्टेट पार्कात परवाना लागत नाही, हे काकांना नक्की सांग.

तंबू ठोकण्याआधी भुसभुशीत मातीचे उंचवटे बघ, ती लाल मुंग्यांची वारुळं. नदीकाठी तीन-तीन पानांच्या झुडपाला हात लावू नका. ती पॉयझन आयव्ही; तिचा चीक लागला तर लगेच साबण आणि गार पाण्याने धुवा. बूट सकाळी झटकून घाला, कारण विंचू असतात. आर्यासाठी एक छोटी अतिनील बॅटरी घे. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात आणि सुरक्षित अंतरावरून बघता येतात.

रात्री दहा ते सहा शांतता पाळावी लागते आणि उघड्यावर मद्याला बंदी आहे. रविवारी दुपारी बारापर्यंत जागा सोडायची असते. तंबू दवाने ओला असेल तर तसाच गुंडाळून आण, पण त्याच रात्री गॅरेजमध्ये पसरून टाक. दोन दिवस घडीत राहिला तर बुरशी धरते आणि तो वास जात नाही.

दोन कॉट, हातोडी आणि पोलादी खुंट्या माझ्याकडे आहेत, विकत घेऊ नकोस. शुक्रवारी येताना दुपारी दोनच्या आत इथे पोचलात तर जेवून, सामान घेऊन उजेड असतानाच तंबू उभे होतील. वहिनींना सांग, खिचडीचा मसाला मी बांधून ठेवतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अजय