आधी दप्तर लावा, मग स्कॅन करा

संपादक महोदय,

सरकारी ऑफिसातले कागद स्कॅन करायचं काम सध्या बऱ्याच ठिकाणी चालू आहे आणि लोक म्हणतात हा नुसता कॉन्ट्रॅक्टर पोसायचा उद्योग आहे, म्हणून हे पत्र. मी आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद बघणाऱ्या शाखेत, नोकरी केली, रेकॉर्ड रूमची चावी बरीच वर्षं माझ्याकडे होती, त्यामुळे ठामपणे सांगतो की हे काम फार आधीच व्हायला पाहिजे होतं.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, चौथ्या मजल्यावरून वर पसरत गेली, पाच माणसं जिवानिशी गेली आणि कितीतरी खात्यांच्या फायली जळाल्या. जिची दुसरी प्रत कुठेच नाही अशी फाईल परत कुठून आणणार? तालुक्याच्या ऑफिसात तर आग लागायचीही गरज नसते, वाळवी आणि गळकं छप्पर पुरतं.

सगळ्यात जास्त हाल मी सेवापुस्तकाचे, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या सगळ्या नोंदी असतात त्या पुस्तकाचे, बघितले. माणसाची बदली झाली की पुस्तक त्याच्या मागून जाणार, कधी जुन्याच ऑफिसात कपाटावर पडून राहणार, मग रिटायरमेंट तोंडावर आली की कळतं मधल्या एका वर्षाची वेतनवाढीची नोंदच नाही, वेतन पडताळणीचा (पगार बरोबर ठरवलाय हे तपासल्याचा) शिक्का नाही, की पेन्शन केस परत. ज्या साहेबांची सही पाहिजे ते केव्हाच रिटायर झालेले असतात. तेच पुस्तक दरवर्षी नोंदी झाल्यावर स्कॅन केलं आणि कर्मचाऱ्याला त्याची कॉपी दिली तर चूक त्याच वर्षी लक्षात येईल, माणसं पण तिथेच असतील. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा स्कॅनिंगचा खर्च वसूल आहे असं माझं मत आहे.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली तेव्हा काय झालं आठवा. मराठा आरक्षणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, पण तहसीलमधली जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची कोतवाल बुकं, शाळांची जुनी रजिस्टरं, सगळे गठ्ठे बाहेर काढावे लागले, त्यात मोडी वाचणारी माणसं मिळेनात. सापडलेल्या नोंदी मग स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्या. आधीपासून यादी आणि स्कॅन तयार असतं तर ही धावपळ कशाला झाली असती?

पण नुसतं मशीन आणून कागद ओढले की झालं असं नाही, इथेच सगळीकडे घोळ होतो. आधी अभिलेख वर्गीकरण करायला पाहिजे. 'अ' म्हणजे कायम ठेवायचं, 'ब' तीस वर्षं, आणि 'ड' वर्षभरात नष्ट करायचं हे आपल्याकडे ठरलेलंच आहे, टेबलावरचे कागद कामाप्रमाणे सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठा पद्धत पण आहे, ऐंशीच्या दशकात नगरला अनिलकुमार लखिना कलेक्टर असताना त्यांनी ती नीट राबवून दाखवली. ते न करता सरसकट स्कॅन केलं तर रद्दीचे पण पैसे भरायचे आणि कामाचा कागद त्या ढिगात हरवायचा. कॉम्प्युटरवर फाईलला नुसता नंबर असेल, गाव, वर्ष, विषय, नाव काहीच नसेल तर ती कुणालाच सापडणार नाही. हाताने लिहिलेलं जुनं मराठी कॉम्प्युटरला अजून धड वाचता येत नाही, सूची माणसानेच टाइप करायला पाहिजे आणि ती पण त्या शाखेतलं काम माहीत असलेल्याने. रिटायर कारकुनांना मानधनावर बोलवा, आनंदाने येतील. अहो, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्येच रेकॉर्डची सूची करा, ते कॉम्प्युटरवर घ्या असं लिहिलंय, आणि कायदा २००५ चा आहे.

आणखी एक, स्कॅन झालं म्हणून 'अ' वर्गातले मूळ कागद कृपा करून रद्दीत घालू नका. जमिनीच्या दाव्यात कोर्ट मूळ रजिस्टर मागवतं, तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन उभं राहून चालत नाही.

आपला,
एक निवृत्त कारकून, सातारा