दिंडीच्या ट्रकातलं पेट्रोल हौद्याबाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ लागला की मराठवाड्यातले रस्ते दिंड्यांचे होतात. पैठणहून नाथांची पालखी निघते, मुक्ताबाईंची पालखी जालना-बीडवरून येते, शेगावची परभणी-अंबाजोगाईच्या अंगानं जाते. प्रत्येक पालखीबरोबर गावोगावच्या दिंड्यांचे ट्रक असतात. त्यातला एक ट्रक मी चालवतो. हंगामात ऊस, एरवी खडी-सिमेंट आणि ज्येष्ठ-आषाढात आमच्या गावच्या दिंडीचं सामान. आमची दिंडी नाथांच्या पालखीबरोबर चालते. रायमोहा, पाटोदा, खर्डा, परांडा, कुर्डू, करकंब हे मुक्काम मला आता पाठ आहेत. हे पत्र त्या सामानातल्या एकाच गोष्टीबद्दल आहे. ट्रकात भरून नेलेलं जादा पेट्रोल.

ज्यांनी दिंडीचा ट्रक आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हौद्यात कमरेच्या उंचीवर फळ्या टाकून माळा केलेला असतो. खाली धान्याची पोती, पातेली, शेगड्या, दोन-तीन सिलेंडर, पालांचे बांबू. वर वळकट्या. चहूबाजूंनी ताडपत्री करकचून बांधलेली. चालणारे चालतात, पण ज्यांच्या पायाला फोड आलेत, ज्यांना ताप भरलाय, ती माणसं दिवसा या ट्रकात बसतात. रात्री पाऊस आला आणि पालाखाली पाणी शिरलं की म्हाताऱ्या बायका याच हौद्यात येऊन आडव्या होतात. आणि पेट्रोलचा कॅन असतो फाळक्याजवळ, चटकन हाताला यावा म्हणून. म्हणजे माणसं जिथून चढतात-उतरतात त्याच तोंडाशी. आग लागली तर बाहेर पडायची वाट आधी तीच बंद होणार.

पेट्रोल कशाला लागतं? कीर्तनाचा माईक, मुक्कामाचे दिवे, रात्री सगळ्यांचे मोबाईल चार्जिंग, पाणी ओढायची छोटी मोटर. या सगळ्याला जनरेटर. शिवाय जागा धरायला पुढे गेलेल्या मोटरसायकली. गरज खरी आहे, ती कुणी नाकारू नये. अडचण आहे ती किती नेतो, कशात नेतो आणि कुठे ठेवतो याची.

कशात, ते आधी. मी पाहिलेले बहुतेक कॅन खाण्याच्या तेलाचे नाहीतर फवारणीच्या औषधाचे रिकामे झालेले. वायसर गेलेला, झाकणाखाली पॉलिथिनची पिशवी लावून आवळलेलं. पातळ प्लास्टिक उन्हानं मऊ पडतं, पेट्रोलनं फुगतं, आणि ट्रकच्या हादऱ्यानं कोपऱ्याला चीर जाते. पेट्रोल तापलं की वाढतं. वीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर चारशे मिलिलिटरच्या आसपास वाढतं. सकाळी गळ्यापर्यंत भरलेल्या कॅनला दुपारी ताडपत्रीखाली ही वाढ ठेवायला जागा नसते. मग ते झाकणातून पाझरतं, खालच्या गोणपाटात मुरतं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. खर्ड्याच्या मुक्कामाला शेजारच्या दिंडीच्या ट्रकात हेच झालेलं मी पाहिलं. माळ्याखालची सतरंजी ओली होती, वास सगळ्या हौद्यात भरलेला, आणि बाहेर दोन हातांवर हरिपाठासाठी उदबत्त्या लावलेल्या. क्लीनरनं वास ओळखला म्हणून सगळ्यांना खाली उतरवून ताडपत्री सोडली. त्या दिवशी काही झालं नाही. पण तिथली एक आजी म्हणाली, "वास तर रोजच येतो की माउली, आम्हाला वाटलं गाडी म्हटल्यावर असायचाच." हे ऐकल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट प्रत्येक दिंडीवाल्यानं समजून घ्यायला हवी. पेटते ती वाफ. शून्याखाली चाळीस अंश थंडीतही पेट्रोलमधून पेटण्याइतकी वाफ निघते, मग आपल्याकडच्या जूनमध्ये काय होत असेल? ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, उतारानं पाणी जावं तशी खाली जाते आणि खोलगट जागी साचते. ट्रकचा हौदा म्हणजे तळ आणि चारी बाजूंनी फळ्या, वरून ताडपत्री. ती साचायला याहून सोयीची जागा नाही. हवेत शेकडा दीड भाग वाफ झाली तरी एक ठिणगी पुरते. शेगडीची, बिडीची, बॅटरीच्या ढिल्या टर्मिनलची, कोणतीही.

काही जण म्हणतात, आमच्याकडे पेट्रोल नाही, डिझेलचे ड्रम आहेत, डिझेल कुठं पेटतंय. ते पेट्रोलइतकं चटकन पेटत नाही हे खरं. पण आपल्या मानकाप्रमाणे डिझेल किमान ३५ अंशांपर्यंत पेटती वाफ देता कामा नये, एवढीच अट आहे. उन्हात उभ्या ट्रकच्या ताडपत्रीखाली पस्तीस अंश म्हणजे काहीच नाही. आणि मला तर डिझेलचा जादा ड्रम नेण्याचं कारणच कळत नाही. माझ्या ट्रकच्या टाकीत दीडशे लिटरच्या वर डिझेल बसतं. लिटरला पाच किलोमीटर धरले तरी साडेसातशे किलोमीटर झाले. पैठण ते पंढरपूर जाऊन परत यायलाही तेवढं पुरतं, आणि वाटेत आता तालुक्या-तालुक्याला पंप आहेत. ड्रम नेण्याची सवय जुन्या काळातली आहे, तेव्हा पाटोद्यानंतर कुठे पंप मिळेल याची खात्री नसायची. आता डिझेलचा एकही ड्रम दिंडीच्या ट्रकात असायचं कारण नाही.

कायदा काय सांगतो तेही लिहितो, कारण "पंधरा-वीस लिटरला कोण विचारतंय" असं मला नेहमी ऐकवलं जातं. पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा आहे. विकण्यासाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत जवळ ठेवता येतं. पण घट्ट झाकणाच्या भांड्यात, आणि भांडं धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत, काचेचं किंवा चिनीमातीचं असेल तर एकच लिटर. खाण्याच्या तेलाचा प्लास्टिक कॅन त्यात कुठेच बसत नाही. गाडीच्या किंवा इंजिनाच्या वापरासाठी यापेक्षा जास्त ठेवायची मुभा आहे, पण ३० लिटरच्या वर गेलं की माणसं राहतात किंवा काम करतात त्या खोलीशी संबंध नसलेल्या वेगळ्या जागीच ते ठेवावं लागतं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दिंडीचा ट्रक नसणार, तरी माणसं आणि पेट्रोल एका छताखाली नको, हे त्यांनी नव्वद वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

यात्रेतल्या माणसांचं काय होतं, त्याचं उदाहरण फार जुनं नाही. २६ ऑगस्ट २०२३ ला पहाटे मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या यात्रेच्या रेल्वेडब्याला आग लागली. लखनौकडून निघालेले यात्रेकरू होते, आणि नियम मोडून आत आणलेला गॅस सिलेंडर चहासाठी पेटवला होता. नऊ माणसं गेली. ती देवदर्शनाला निघालेली साधी माणसं होती. तो गॅस होता आणि आपलं पेट्रोल आहे, पण बंद जागा, झोपलेली माणसं आणि शेगडी या तीनही गोष्टी आपल्या ट्रकात आहेतच.

आता मी काय करतो ते सांगतो. कुणाला पटलं तर करावं. माझ्या ट्रकला बॅटरी आणि सायलेन्सर एका अंगाला आहेत. दुसऱ्या अंगाला, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधल्या जागेत, गेवराईच्या एका वेल्डरकडून लोखंडी अँगलचा जाळीचा पिंजरा करून घेतलाय. तो नट-बोल्टनं बसतो, वारी झाली की काढून ठेवतो. त्याच्या वर पत्र्याची झडप आहे, सावलीसाठी. त्याला हवा खेळते, गळालं तर खाली रस्त्यावर पडतं, हौद्यात साचत नाही. पिंजरा गाडीच्या बाजूच्या फळ्यांच्या बाहेर येत नाही, नाहीतर अरुंद रस्त्यावर समोरच्या एसटीला घासेल. मागच्या फाळक्याला बाहेरून कॅन टांगलेले ट्रक मी पाहतो, ते तर अजिबात करू नये. पालखीच्या गर्दीत मागून धक्का बसणं रोजचं आहे, आणि तो धक्का थेट कॅनवर बसतो.

पिंजऱ्यात धातूचा दहा लिटरचा एकच कॅन, रबरी वायसरच्या झाकणाचा, पट्ट्यानं आवळलेला. लष्करी गाड्यांवर जो चपटा लोखंडी जेरीकॅन दिसतो तो मिळाला तर त्याहून चांगलं काही नाही. त्याच्या मुठीजवळ जो फुगवटा असतो त्यात हवेची जागा राहते, पेट्रोल वाढलं तरी झाकणावर जोर येत नाही. १९३०च्या दशकात जर्मन लष्करासाठी केलेली घडण आजही जवळपास तशीच चालते, यावरूनच काय ते कळतं. साधा कॅन असेल तर वीस लिटरच्या कॅनमध्ये एकोणीसच्या वर भरू नये.

दहा लिटर पुरतात का? आमचा जनरेटर तासाला लिटर-सव्वा लिटर पितो. रात्री तीन-चार तास चालवला तर दोन मुक्काम निघतात. संपलं की पुढच्या तालुक्याला भरायचं. साठा करायची गरजच राहत नाही. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते ओल ओढून घेतं. पावसाळ्यात ढिल्या झाकणाच्या कॅनमध्ये पंधरा दिवस ठेवलेलं पेट्रोल जनरेटरला त्रासच देतं. तेव्हा थोडं आणि ताजं हेच बरं.

भरताना कॅन ट्रकमधून खाली घ्यावा आणि जमिनीवर ठेवावा. हौद्यात ताडपत्रीवर किंवा प्लास्टिकवर ठेवून भरलं तर स्थिर वीज साठते आणि तिची ठिणगी वाफेला पुरते. नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून सावकाश भरावं. जनरेटरमध्ये टाकताना आधी तो बंद करून दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्यावा. कीर्तन रंगात आलं असताना माईक बंद पडला की सगळे हाकारे घालतात हे मला माहीत आहे, तरी थांबावं. महाराजांना आधीच सांगून ठेवलं तर तेच टाळ-मृदंगावर अभंग धरतात, कुणाचं काही अडत नाही. पाऊस आला म्हणून जनरेटर हौद्यात किंवा पालात ओढून घेऊन चालू ठेवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. पेट्रोल पेटलं तर पाणी मारू नये, ते पाण्यावर तरंगत आणखी पसरतं. कोरड्या पावडरचा अग्निशामक आणि मातीच्या दोन बादल्या केबिनजवळ ठेवाव्यात, आणि तो अग्निशामक कसा उघडायचा हे दिंडीतल्या चार तरण्या पोरांना निघण्याआधी दाखवून ठेवावं.

हे झालं आमच्या हातातलं. शासनाच्या हातातलं एक काम आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र आहे. बऱ्याच पंपांवर सुटं पेट्रोल बाटलीत किंवा कॅनमध्ये देत नाहीत. त्यामागचं कारण मला समजतं. पण परिणाम असा होतो की दिंडीवाला घरून निघतानाच ओळखीच्या पंपावरून तीस-चाळीस लिटर एकदम भरून घेतो, नाहीतर वाटेतल्या टपरीवरून बाटलीतलं महाग आणि भेसळीचं पेट्रोल घेतो. धोका कमी करायला केलेला नियम आमच्या हौद्यात धोका वाढवतो. नाथांच्या पालखीच्या वाटेवर बीड, अहिल्यानगर, धाराशिव आणि सोलापूर हे चारही जिल्हे लागतात. त्या चारही जिल्हाधिकाऱ्यांनी पालखीच्या दिवसांपुरतं, दिंडीचा वाहन पास दाखवला आणि धातूचा कॅन आणला तर दहा लिटरपर्यंत पेट्रोल द्यावं, असं पंपांना लेखी कळवावं. पासवर प्रत्येक वेळी नोंद करा, आमची हरकत नाही.

आणि पास देतानाच आरटीओ किंवा पोलिसांनी ट्रकचा फाळका उघडून पाहावं. आत प्लास्टिकचा पेट्रोलचा कॅन दिसला तर तो बाहेर काढायला लावावा, दंड न करता. दंड केला तर पुढच्या वर्षी तो कॅन वळकट्यांच्या खाली लपवला जाईल, आणि ते आणखी वाईट. ज्या दिंड्यांना लोखंडी कॅन परवडत नाही त्यांना पैठणमध्येच तो भाड्यानं मिळण्याची सोय ग्रामपंचायती किंवा एखादं मंडळ सहज करू शकेल.

पालखी निघण्याआधी नियोजनाची बैठक होते. तिथे पाणी, आरोग्य, शौचालयं, बंदोबस्त हे विषय असतातच. त्यात यंदा दिंडीच्या ट्रकांमधल्या पेट्रोलचा विषय घ्यावा आणि त्या बैठकीला दोन-चार ट्रकचालकांनाही बोलवावं, ही विनंती आपल्या वृत्तपत्रामार्फत करतो.

आपला,
दिंडीचा एक ट्रकचालक,
ता. गेवराई, जि. बीड