सोन्याची विजार

कोलंबस, ओहायो
फेब्रुवारी २०२५

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "तुमचं कॉलेज फुटबॉलमध्ये अख्ख्या देशात पहिलं आलं ना, मग तुझ्या आवाजात सुतक कसलं?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज सविस्तर लिहितो.

नोव्हेंबरपासून सांगायला हवं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमची, म्हणजे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची, शेजारच्या राज्यातल्या मिशिगन युनिव्हर्सिटीशी मॅच असते. फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला. त्या आठवड्यात एका सकाळी डिपार्टमेंटला गेलो, तर पाटीवरच्या 'मेकॅनिकल'च्या पहिल्याच अक्षरावर, म्हणजे एमवर, लाल चिकटपट्टीची फुली! मला वाटलं, कुणा पोराचा चावटपणा. पुढे मॅथ्सच्या पाटीवरही तेच. मिशिगनचं नाव एमने सुरू होतं, म्हणून आठवडाभर ते अक्षरच बाद. नावही घेत नाहीत, 'ती वरची टीम' म्हणतात, कारण मिशिगन ओहायोच्या उत्तरेला. आपल्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, इथे वैऱ्याचं घेत नाहीत. ही बोली रूढ केली वुडी हेज या कोचने. १९५१ ते १९७८ ते इथे होते. मिशिगनमध्ये पेट्रोल संपत आलं तरी तिथे एक पैसा खर्च करणार नाही, गाडी ढकलत ओहायोत नेईन, असं ते म्हणाल्याची गोष्ट इथलं शेंबडं पोरही सांगतं. खरीखोटी देव जाणे.

मूळ विचारशील तर बांधावरचं भांडण. १८३५ साली टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून दोन्हीकडचे लोक शस्त्रं घेऊन समोरासमोर उभे ठाकले होते. टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनची समजूत वरचा द्वीपकल्प देऊन काढली. मॅचेस सुरू झाल्या १८९७ मध्ये. पण मला हे मूळ मागाहून चिकटवल्यासारखं वाटतं. खरा भडका उडाला १९६९ साली. बो शेंबेक्लर हा हेजच्याच हाताखाली खेळलेला, त्यांचाच असिस्टंट. तो मिशिगनचा कोच झाला आणि पहिल्याच वर्षी त्याने पहिल्या नंबरवर असलेल्या गुरूला २४–१२ असं चितपट केलं. पुढची नऊ वर्षं दोघांनी एकमेकांची झोप उडवली. परक्यावर इतका राग धरताच येत नाही रे.

तर ३० नोव्हेंबर. घोड्याच्या नालेसारखं स्टेडियम, लाखाहून जास्त माणसं, हाडं गोठवणारी थंडी. एक बाजू ओरडते 'ओ-एच', दुसरी उत्तर देते 'आय-ओ'. मला भरत नाट्य मंदिरातलं आपलं 'आव्वाज कुणाचा' आठवलं, तेच ते घसे फुटणं. सगळ्यांचा होरा होता की आपण वीसेक गुणांनी जिंकणार. हरलो १३–१०. सलग चौथ्यांदा! शेजारी विणलेली कानटोपी घातलेले एक आजोबा होते. मॅचभर उभे. शेवटची शिट्टी झाली तसे ते खाली बसले, थर्मासचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. खाली मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायला घेतला आणि धुमश्चक्री उडाली. पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला, मागाहून दोन्ही कॉलेजांना एकेक लाख डॉलर दंड झाला. आजोबांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

झेंडा रोवणं मला पोरकटपणा वाटला, पण तो चालायचाच. अलाबामात मात्र हद्द झाली होती. तिथे ऑबर्न युनिव्हर्सिटी जिंकली की पोरं चौकातल्या जुन्या ओकच्या झाडांवर टॉयलेट पेपरच्या माळा उधळतात. २०१० मध्ये ऑबर्न जिंकल्यावर हरलेल्या अलाबामा युनिव्हर्सिटीच्या एका चाहत्याने त्या झाडांच्या मुळाशी विष ओतलं आणि रेडिओवर फोन करून बढाई मारली! तुरुंगात गेला. झाडं २०१३ मध्ये काढावी लागली. झाडाने काय घोडं मारलं होतं?

आता तुझा प्रश्न. यंदापासून प्लेऑफमध्ये, म्हणजे देशाचं विजेतेपद ठरवणाऱ्या बाद फेऱ्यांमध्ये, बारा टीम घेतात, म्हणून हरूनही आम्ही आत शिरलो. आणि मग टेनेसी, ओरेगॉन, टेक्सस, शेवटी २० जानेवारीला नोटर डेम, सगळ्यांना लोळवलं. विजेतेपद! त्या रात्री मीही रस्त्यावर बोंबलत होतो. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या, इथेच लहानाचा मोठा झालेल्या सहकाऱ्याचं अभिनंदन केलं, तर तो म्हणाला, "हो रे, विजेतेपदाच्या अंगठ्या मिळतील पोरांना. विजार नाही मिळाली."

ही विजार म्हणजे बोटाच्या पेराएवढी सोन्याची पँट. मिशिगनला हरवलं की प्रत्येक खेळाडूला एक मिळते, १९३४ पासूनची पद्धत. तेव्हाचे कोच म्हणाले होते, तेही आपल्यासारखेच एकेक पाय घालून विजार चढवतात. २०२० ची मॅच कोविडमध्ये बुडाली, नंतरच्या चारही हरलो. म्हणजे देश जिंकून बाहेर पडणाऱ्या या पोरांच्या अख्ख्या बॅचकडे ती इवलीशी पँट नाही, आणि आता मिळणारही नाही. हे ऐकल्यापासून माझ्याही घशात काहीतरी अडकलंय. खरं तर माझा संबंध काय? मी आलो हीट ट्रान्सफर शिकायला.

पुढची मॅच त्यांच्या मैदानावर आहे. तिकीट मिळालं तर जाईन. लाल चिकटपट्टीची दोन रिळं मात्र आत्ताच आणून ठेवलीत.

काकूंना नमस्कार सांग. पत्र लिही, फोनवर तू नीट ऐकत नाहीस.

तुझा,
श्री